विहिरीतून वर आलेली इंजिनं

आमच्या आप्पांना माणसं लक्षात राहायची नाहीत, विहिरी राहायच्या. तुम्ही वर्षानुवर्षं त्यांच्या घरात भाड्यानं राहा, रोज सकाळी त्यांच्या अंगणातून जा-ये करा, तरी बाजारात समोर आलात तर ते तुमच्याकडे नवख्यासारखे बघणार. पण गावाचं नाव घ्या, की लगेच चेहरा उजळायचा. "हाव हाव! चिंचेखालची हीर. उगवतीला पायऱ्या, अर्ध्यात टप्पा, आत पारवे." एवढं बोलून झालं की मग विचारायचे, "तुमी कोन?"

मी पहिल्यांदा खोली बघायला गेले तेव्हाचं तर अजून आठवतंय. जिल्हा नवा झाला होता आणि मी लोह्याची पोरगी, टायपिंगच्या जोरावर लातूरच्या नव्या कचेरीत लागले होते. कचेरीची तेव्हा तऱ्हाच होती. उस्मानाबादहून फायलींचे गठ्ठे आले होते, कपाटं यायची होती, खुर्च्या साहेब लोकांना पुरत नव्हत्या. आम्ही गठ्ठ्यांवरच बसायचो. खोल्यांचे भाव वाढलेले, त्यात एकटी बाई म्हटल्यावर लोक दार अर्धंच उघडायचे. नाव-गाव सांगून झालं की तिसरा प्रश्न कोणता येणार, ते मला पाठ होतं. आडनावावरनं कळलं नाही तर आडून आडून विचारायचे, "कोणत्या देवाचं करता?" मी सरळ सांगायचे, आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे. मग खोली नेमकी कालच दिलेली असायची.

आप्पा लिंगायत, गंजगोलाईत पेंडीचं दुकान. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात बाराबंदीसारखं काहीतरी जुनाट. मी मनात म्हटलं, इथं तर उंबऱ्यावरूनच परत. तर या बाबानं मला तिसरा प्रश्न काय विचारावा? "तुमच्याकडं हीर हाय का?"

"आमच्या बापाला जमीनच न्हाई," मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "हीर कुठून येणार?"

"बरंय," आप्पा म्हणाले. "वाचला." आणि किल्ली काढून दिली.

वाचला म्हणजे कशापासून, हे मला कळायला पावसाळा उलटून जावा लागला. पावसाळा म्हणायचा आपला. आभाळ यायचं आणि बघून जायचं.

दर रविवारी आप्पा दुकान बंद करून एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडकडे जायचे. त्या शेडला गावात इंजिनखाना म्हणत. आत ओळीनं जुनी ऑईल इंजिनं मांडलेली. विहिरीवर पाणी उपसायला असतात ती, जाड चाकांची, काळी, बसकी. पगार कुणालाच नाही. एक उस्ताद होते, मोटारसायकली दुरुस्त करणारे. शाळेतले विज्ञानाचे एक मास्तर अधूनमधून यायचे. आणि मी, कारण रविवारी एवढ्याशा खोलीत बसून तरी काय करणार? घासलेटात चिंध्या बुडवून गंज काढायचा, नटबोल्ट सोडवायचे, चाकांना तेल पाजायचं. आता लोक जुन्या यंत्रांचं म्युझियम म्हटलं की तिकीट खिडकी आणि संगमरवराची पाटी डोळ्यांसमोर आणतात. अहो, असली म्युझियमं पाटीवर चालत नाहीत. चार येडी माणसं रविवारी हात काळे करतात, त्यावर चालतात. ती माणसं थकली की शेड पडते, इंजिनं भंगारात जातात आणि पेपरात कुणीतरी हळहळतं. आधी कुठं गेला होतात बाबांनो?

प्रत्येक इंजिनाच्या धुराड्यावर एक डबा उपडा बसवलेला असे. कुणाचा तुपाचा, कुणाचा रंगाचा, एकाचं तर मडकंच. इंजिन चालू झालं की त्या डब्यातून कुक्‌ कुक्‌ असा आवाज निघतो आणि कोसभर जातो. ही आपल्याकडची जुनी युक्ती. शेतात इंजिन चालू आहे की बंद पडलं, ते घरी बसून बाईला कळावं म्हणून. प्रत्येकाचा डबा वेगळा, म्हणून आवाज वेगळा. चुलीपुढं बसलेली बाई पन्नास आवाजांतून आपल्या मालकाचा आवाज वेगळा काढायची. आवाज थांबला, की आता ते घरी निघाले, तवा ठेवा. त्याला घड्याळ लागायचं नाही.

मी एकदा सहज म्हटलं, "आप्पा, ह्या डिझाइनची दोन-दोन इंजिनं कशाला? त्यापेक्षा एखादं वेगळ्या कंपनीचं आणा." तर म्हणाले, "ह्याच्यात तसं न्हाई. ज्यानं मानूस घेतलं तेवढंच मी आनतो."

"घेतलं म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी मग सगळं सांगितलं, चाकाला तेल लावत लावत, पेंडीचा भाव सांगावा तसं. वर ठेवलेलं इंजिन ठराविक खोलीपर्यंतच पाणी ओढू शकतं. दुष्काळ पडला, पाणी खाली गेलं, की त्याला ओढवत नाही. मग लोक काय करतात? दोर लावून इंजिनच विहिरीत उतरवतात, अर्ध्यातल्या टप्प्यावर बसवतात. पाणी येतं. धूर मात्र जायला जागा नसते. तो विहिरीत साचतो, मडक्यात साचावा तसा. मग कधीतरी इंजिन आपोआप बंद पडतं. काय झालं म्हणून एक जण खाली उतरतो, आणि तिथंच बसतो. झोप आल्यासारखा. तो का वर येईना म्हणून दुसरा उतरतो. भाऊ असतो, सालगडी असतो, लेक असतो. बहात्तरच्या दुष्काळात असं गावोगाव झालं. त्यानंतर ते इंजिन घरात कुणी ठेवत नसे. विकत घ्यायलाही कुणी तयार होत नसे. गोठ्यामागं पडून राही, त्याच्यावर वेल चढे, आणि पोरांना तिकडं जाऊ देत नसत.

असली इंजिनं आप्पा शोधत हिंडायचे. एकदा भोकरकडून एक आणायचं होतं. ते गाव माझ्या मावशीच्या ओळखीचं, म्हणून मीही ट्रकमध्ये बसले. इंजिन घेऊन येताना रस्ता वाईट, भर उन्हात वाऱ्याचं नाव नाही, आणि मागून घर्रर्र आवाज. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. बघतो तर मागं बांधलेल्या इंजिनाचं चाक सावकाश फिरतंय. गचक्यांनी फिरलं असेल, दुसरं काय! पण गाडी थांबल्यावरही ते फिरत राहिलं, आणि मग कुणी हात लावून थांबवावं तसं थांबलं. ड्रायव्हर म्हणाला, "म्या न्हाई नेत. लिंबू-मिरची बांधा न्हाईतर उतरवा हितंच."

आप्पा खाली उतरले, इंजिनावर हात ठेवला. "भेऊ नको रे. इंजिन कुनाला काय करत न्हाई. मानूसच खाली उतरतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणीही, काहीही विचारलं तरी तेच.

पुढं उस्तादांनी मला बाकीचं सांगितलं. आप्पांचं दुकान आधी पेंडीचं नव्हतंच. इंजिनांची एजन्सी होती. जवळच्या-लांबच्या कितीतरी गावांत त्यांनीच इंजिनं विकलेली. बहात्तर साली गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारायची, "आप्पा, पाणी खाली गेलं, काय करावं?" आणि आप्पा गादीवर बसून सांगायचे, "मग इंजिन बी न्या खाली. टप्प्यावर बसवा. त्यात काय यवढं!" एक दिवस पहिली बातमी आली. मग येतच राहिल्या. आप्पांनी एजन्सी टाकली, पेंड विकायला लागले, आणि स्वतः विकलेली इंजिनं एकेक करून परत आणायला लागले.

मी त्यांना कधी तोंडावर विचारलं नसतं, पण तेच एकदा म्हणाले, "लेकी, मी गादीवरून सांगितलं. स्वतः एकदा बी कुनाच्या हिरीत उतरलो न्हाई."

आता मामीबद्दल सांगते. मामी म्हणजे औशाच्या रस्त्यावरच्या एका गावची म्हातारी. आम्ही सगळे तिला मामीच म्हणायचो. तिचा नवरा असाच गेलेला. त्याचं इंजिन आमच्या शेडमध्ये होतं, तुपाच्या डब्याचं. रविवारी बाराच्या ठोक्याला उस्ताद एखादं इंजिन चालू करून दाखवायचे, शाळेची पोरं बघायला यायची. तुपाच्या डब्याच्या इंजिनाची पाळी असली, की मामी एसटीनं यायची. तिला कोण कळवायचं, ते आम्हाला कधी समजलं नाही. उस्ताद म्हणायचे मी नाही, मास्तर म्हणायचे मी नाही, आणि पाळी तर आम्ही त्याच दिवशी सकाळी ठरवायचो.

ती यायची, खांबाला टेकून बसायची. इंजिन कुक्‌ कुक्‌ सुरू झालं की तिचा चेहरा निवायचा. नुसती बसून राहायची, मांडीवर हात ठेवून. आणि उस्तादांनी इंजिन बंद केलं की उठायची, लुगडं झटकायची आणि म्हणायची, "चला, भाकरी टाकते. निघाले ते." मग दाराकडं बघत राहायची. आम्ही पण बघायचो. न बघून करता काय? टळटळीत ऊन, रिकामा रस्ता, आणि आम्ही सगळे वेड्यासारखे दाराकडं तोंड करून उभे.

एकदा आमच्याच कचेरीतले एक साहेब शेड बघायला आले होते. चाऱ्याच्या गोदामाला जागा हवी होती त्यांना. नेमकं तेव्हाच इंजिन बंद झालं आणि साहेब दारात उभे. मामी तरातरा पुढं गेली, त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि विचारलं, "तुमी एकलेच वर आलाव? त्यांना खालीच सोडलाव का?" साहेबांनी त्यानंतर त्या शेडचं नाव काढलं नाही. मी पुढं कचेरीत हसू दाबत त्यांची पत्रं टाइप करायचे, पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला होता.

मामी आली की आप्पा तिला स्वतः चहा नेऊन द्यायचे आणि तिच्याकडं पाठ करून बसायचे. "हिला ठाऊक हाय का, कुनी सांगितलं होतं तिच्या मालकाला?" ते मला विचारायचे. मी म्हणायचे, "विचारा की मग." "कुठल्या तोंडानं विचारू? एकदा तिनं मला शिव्या द्याव्यात, बास. पोटभर द्याव्यात." दोनच गोष्टींसाठी हा माणूस जगत होता: एक ती शिवी, आणि दुसरं, आता पुन्हा कुणी खाली जाऊ नये.

आणि त्याच साली पाऊस दडी मारून बसला. टँकर आले. गंजगोलाईत घागरींच्या रांगा लागल्या. एका रविवारी मामीचा लेक शेडमध्ये येऊन उभा राहिला. तिशीचा असेल, उन्हानं करपलेला.

"माझ्या बापाचं इंजिन द्या," म्हणाला. "हिरीत पानी हाय, पन लई खाली. जनावरं वरडून ऱ्हायलेत. मोसंबीची झाडं वाळून चाल्लीत."

आप्पा म्हणाले, "न्हाई."

"का न्हाई? इकलं न्हाई म्या तुमाला. ठिवाया दिलं हुतं."

"तू ते खाली उतरवशील."

"मग? वरून पानी येतंय का? तुमी ह्याला तेल लावून, फुलं वाहून ठिवा. आमची ढोरं तिकडं तडफडून मरू द्या. वा रे म्युझियम!"

मास्तर म्हणाले, एकदा दिलेली वस्तू संग्रहातून काढता येत नाही. मी म्हटलं, "कसला संग्रह घेऊन बसलात मास्तर? द्या त्यांचं त्यांना." उस्ताद हात पुसत म्हणाले, "आप्पा, इंजन चलने के वास्ते बनाया. देखने के वास्ते नै. मैं पाइप जोडता. धुवाँ पूरा ऊपर निकलेगा, बावडी के बाहर. नीचे कुछ नै रहता."

आप्पांनी चाकावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "नेतो तर ने. पन पाइप उस्ताद बसवंल. इंजिन बंद पडलं तर कंदील दोरानं खाली सोडायचा, तो विझला न्हाई तरच उतरायचं. आन मी हिरीवर बसनार."

"बसा की," लेक म्हणाला. "बाज टाकून देतो."

त्याला थट्टा वाटली. आप्पांनी खरंच दुकान बंद केलं. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे. विहिरीच्या काठी कडुलिंबाखाली बाजेवर बसायचे, शेजारी कंदील. लोक म्हणायचे, शेठचं डोकं फिरलं, आधी इंजिनं राखायचा, आता हीर राखतो. पण पाणी आलं. जनावरं प्यायली. कुक्‌ कुक्‌ आवाज पुन्हा त्या गावावरून फिरायला लागला, आणि मामी घरी चुलीपुढं बसून ऐकायला लागली. लातूरला यायची ती बंदच झाली.

एका रविवारी मीही उस्तादांबरोबर त्या विहिरीवर गेले होते. दुपारचे बारा. सावली पायाखाली आलेली, कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. आमच्या गप्पा चालल्या होत्या, आणि आवाज थांबला.

नुसता आवाज थांबला हो, पण शेतातलं सगळंच थांबल्यासारखं वाटलं. लेक पाणी धरत होता, तो फावडं टाकून धावत आला आणि सरळ पायऱ्यांकडं वळला. मी आप्पांकडं बघितलं. या एका क्षणासाठी हा माणूस इतके दिवस इथं बसला होता. त्यांचं तोंड उघडं होतं, हात वर उचललेला, आणि तोंडातून आवाज फुटेना. मी ओरडले, "अहो, कंदील!" लेक म्हणाला, "रोजचंच नाटक हाय तुमचं. इंजिन जाम हुईल माझं." आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"सरक."

मामी मागं उभी होती. घरून इतक्या लवकर ती कशी आली, देव जाणे. हाताला पीठ लागलेलं.

"सरक म्हनते न्हवं. दिसत न्हाई का? येऊन ऱ्हायले ते वर. वाट दे बापाला."

त्या विहिरीच्या पायऱ्या अशा, की एका वेळी एकच माणूस चढावा किंवा उतरावा. वर येणाऱ्याला वाट द्यायची, ही तिथली रीत. ओझं असतं त्याच्या डोक्यावर. लेकानं आईकडं बघितलं, पायऱ्यांकडं बघितलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. "माय, कोन हाय तिथं?" म्हणाला, पण पाय मागं घेतला.

मामीची नजर खाली होती. ती नजर पायरी पायरीनं वर येऊ लागली, सावकाश, थकलेल्या माणसाच्या चालीनं. आणि विहिरीतले पारवे एकदम फडफडून उडाले. पायऱ्यांवर माणूस चढायला लागलं की उडतात ना, तसे. धुरानं उडाले असतील, मला काय विचारता? मी आपलं बघितलं ते सांगते.

तेवढ्यात उस्तादांनी कंदील सोडला. टप्प्यापर्यंत गेला आणि विझला. कुणी फुंकर मारावी तसा. पाइपचा सांधा खालीच सुटला होता. सगळा धूर आत साचला होता. लेकानं ते बघितलं आणि तो काठापासून मागं सरला.

मामीचं लक्ष नव्हतं. तिची नजर काठापर्यंत आली. ती बाजूला सरली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मान खाली घातली, आणि कुणीतरी जवळून जावं तेवढा वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "भाकरी करपंल," आणि निघाली. बाजेजवळून जाताना थांबली. आप्पा अजून हात तसाच धरून बसले होते.

"तुमाला बी पाहिलं त्यांनी," मामी म्हणाली.

आप्पांनी तिच्या तोंडाकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "काय म्हनले?"

"काई न्हाई म्हनले."

ती गेली. आम्ही लिंबाचे डहाळे दोराला बांधून विहिरीत वरखाली केले, हवा मोकळी केली. दुसरा कंदील सोडला, तो विझला नाही, तेव्हा उस्ताद उतरले आणि सांधा जोडला. लेकानं आप्पांचे पाय धरले, आणि आप्पांना ते कळलंसुद्धा नाही.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. मी म्हटलं, "आप्पा, पोरगा वाचला. आता तरी सुखानं झोपा." तर हा एवढा मोठा माणूस तोंडात उपरण्याचा बोळा घालून रडायला लागला. लोक वळून बघायला लागले.

"इतक्या वर्सांनी समोर आला," म्हणाले, "आन एक शिवीसुद्धा दिली न्हाई गं त्यानं."